मार्टिनरावांची बोटं

मंडळी, बसून घ्या. एवढ्या थंडीत तुम्ही इतके जण आलात, मेधाच्या वतीने मी सगळ्यांचे आभार मानते. मी मेधाची आई. एरवी या महाराष्ट्र मंडळात माझ्या हातातून माईक काढून घ्यावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज मात्र चार ओळी कागदावर लिहून आणल्या आहेत. जावयाच्या शोकसभेत सासूने बोलायचं, हा क्रमच चुकीचा आहे. आणि मला नुसतं दुःख झालेलं नाही. मला लाज वाटते आहे.

तुम्ही सगळे त्यांना मार्टिनराव म्हणायचात. ते 'राव' मी जोडलं, थट्टेने. इथल्या इंग्लिश फुटबॉलमधले, खालच्या डिव्हिजनचे गोलकीपर. आज या गावात, उद्या त्या गावात, क्लब बदलत तरुणपण गोलपोस्टसमोर काढलं, आणि मग इथे वॉटफर्डच्या शाळेत पी.ई., म्हणजे आपलं पी.टी., शिकवत राहिले. त्यांची एकही मॅच मी पाहिली नाही. मला वाटायचं, मुलगी एवढी शिकलेली, आणि जावई काय करतो, तर चेंडू अडवतो.

लग्नानंतरचा त्यांचा पहिला गणपती आठवतो का तुम्हाला? याच हॉलमध्ये पंगत होती. एवढा उंच माणूस मांडी घालून बसला आणि हाताने वरणभात खायला लागला. घास तोंडाशी जाईपर्यंत सगळं वरण नव्या झब्ब्यावर. मी वाढता वाढता मोठ्याने म्हणाले, "गोलकीपर म्हणे, आणि साधा घास अडवता येत नाही." अख्खा हॉल हसला. मेधाने त्यांना इंग्रजीत सांगितलं, तेही हसले. म्हणाले, "गुड वन, आई."

पुढच्या वर्षीपासून ते खिशात स्वतःचा चमचा घेऊन यायला लागले. आपण पुन्हा हसलो. दर वर्षी तोच विनोद, आणि दर वर्षी सुरुवात माझी. हसलात ना तुम्हीही?

परवा फ्युनरलनंतर गॅरी माझ्याजवळ येऊन बसले. ते बघा, मागच्या रांगेत आहेत. मार्टिनरावांबरोबर खेळायचे, त्यांच्या पुढे डिफेन्सला. त्यांनी स्वतःचा हात पुढे केला आणि एकेक बोट धरून मला मार्टिनरावांचं सगळं करिअर सांगितलं. करंगळी कार्लाइल गावातल्या मॅचला मोडली, कुणाच्या तरी बुटाखाली. अंगठा ग्रिम्स्बीला निखळला. मधलं बोट मॅच सुरू होताच गेलं. तेव्हा बाकावर बदली गोलकीपर नसायचा. मग ते बोट शेजारच्या बोटाला टेपने बांधलं आणि शेवटपर्यंत उभे राहिले. ते बोट पुन्हा कधी धड वळलं नाही. फार अभिमानाने सांगत होते गॅरी. मग सहज म्हणाले, "तुमच्याकडे हाताने जेवतात ना? मग तो कसा जेवायचा?"

कसा जेवायचा? खिशातल्या चमच्याने.

घरी आल्यावर मेधाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो, आई."

"मग मला का नाही सांगितलंस?"

म्हणाली, "त्याने सांगू दिलं नाही. म्हणायचा, आईंचा जोक चांगला आहे, राहू दे."

मंडळी, इतकी वर्षं ते माझ्या घरी जेवले. कप धरताना, पोळीचा तुकडा मोडताना ते हात माझ्या डोळ्यांसमोर होते. मी वाढत होते, आग्रह करत होते, पण बघत नव्हते. "दुखतं का हो?" एवढंच विचारायचं होतं. तेही मला जमलं नाही.

आणखी एक सांगते आणि बसते. आरतीला हात जोडले की त्यांची बोटं जुळायची नाहीत. मध्ये फट राहायची. एकदा मी सगळ्यांसमोर त्यांचे हात माझ्या हातांत घेतले आणि बोटं दाबून सरळ केली. म्हटलं, "असे जोडायचे, मार्टिनराव." आरती संपेपर्यंत त्यांनी ते तसेच धरून ठेवले. मला वाटलं, शिकले.

मार्टिनराव, माझं चुकलं.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहूया. हात जोडा. पण आज बोटं दाबून जुळवू नका. मध्ये थोडी फट राहू द्या.