सलाईनचं चाक

भाऊ : मोठे मोठे शब्द नकोत मला, सिस्टर. चाक कोणी फिरवलं, तेवढंच सांगा.

सिस्टर : मी लावलं तेव्हा अगदी सावकाश ठेवलं होतं. थेंब मोजून. रात्रभर पुरलं असतं. परत आले तेव्हा नळीवरचं चाक पूर्ण उघडं सापडलं आणि बाटली रिकामी.

भाऊ : सापडलं! हरवलेली किल्ली सापडल्यासारखं सांगताय. माझी आई गेलीय आज सकाळी.

ताई : अरे, हळू बोल. आत आजारी माणसं आहेत.

भाऊ : माझी आईही आजारी माणूसच होती ना, ताई? उलट्या झाल्या म्हणून आणली होती. उलट्यांनी कोणी मरतं का? आणि लावलं काय, तर मीठ-पाणी. लोक थकवा आला तरी हट्टानं बाटल्या लावून घेतात, मिठाच्या, साखरेच्या. ठणठणीत होऊन घरी जातात.

सिस्टर : ज्यांचं हृदय चांगलं असतं त्यांना निभावतं. त्यांनाही दर वेळी नाही. तुमच्या आईंचं हृदय दुबळं होतं. पाणी कमी झालं होतं म्हणून द्यायला तर हवं होतं, पण थोडं थोडं. मिठाचं पाणी अंगात टिकून राहतं. एकदम गेलं की हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही. मग ते फुफ्फुसात उतरतं.

भाऊ : म्हणजे बुडाली ती. कोरड्या खाटेवर पडल्या पडल्या बुडाली. असंच ना?

ताई : पुरे रे.

भाऊ : मग सांगू दे की यांना. भेटायची वेळ संपल्यावर तुम्हीच आम्हाला बाहेर काढलंत. आत कोण होतं? तुम्ही. मग चाक काय भुतानं फिरवलं?

सिस्टर : मी शेजारच्या खोलीत होते. तिथला पेशंट...

भाऊ : तिथला पेशंट जगला ना? छान. मी वर जातो. मोठ्या डॉक्टरांना भेटतो आणि यांचं नाव सांगतो.

ताई : आधी मामाला फोन कर. तो निघालाय, त्याला रस्ता सांगायला हवा. जा, खाली रेंज येते. मग वर जाऊ. दोघं जाऊ.

भाऊ : तू ना, ताई, आपत्ती आली तरी आधी वेळापत्रक काढशील.

ताई : शाळेत शिकवते मी. सवय आहे. जा.

(भाऊ जिना उतरून जातो.)

ताई : आता सांगा. तो नाहीये. तुम्ही मघापासून काहीतरी गिळताय.

सिस्टर : तुम्हा दोघांपैकी कोणी फिरवलं, असं मी कुठं म्हटलं?

ताई : तसं नाही. चाक तुम्ही फिरवलेलं नाही, हे मला दिसतंय. आम्हीही नाही. राहिलं कोण?

सिस्टर : त्यांनीच फिरवलं, बाई.

ताई : आईनं?

सिस्टर : चाक त्यांच्या उशाशीच लोंबत होतं. मी लावत होते तेव्हा त्यांनी विचारलंसुद्धा, यानं काय होतं गं? मी म्हटलं, वर केलं की जोरात जातं, खाली केलं की हळू. झालं, एवढंच बोलले आणि गेले. हळूच का द्यायचं, ते नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं, भावाला सांगितलं, हात लावू नका म्हणून. पेशंटला कोण सांगतं?

ताई : इंजेक्शन द्यायला आलेल्या डॉक्टरलाच ‘जेवलास का’ विचारायची ती. तिच्याशी बोलायला काहीच अवघड नव्हतं.

सिस्टर : मलाही विचारलं होतं. खरं तर पंपावर लावायला हवं होतं. त्याला हात लावला तरी वेग बदलत नाही. पण पंप दुसऱ्या खाटेला होता. निदान छोटी बाटली तरी लावायची. मी लिटरची लावली, म्हणजे मध्ये बदलायला नको.

ताई : पण तिनं फिरवलं कशाला?

सिस्टर : राहू द्या ना.

ताई : सिस्टर.

सिस्टर : मी आले तेव्हा धाप लागली होती, ओठ निळे पडलेले. तरी मला बाटली दाखवली. म्हणाल्या, संपवली बघ सगळी. आता सोड मला. पोरगा म्हणालाय, ही बाटली संपली की घरी.

(ताई जिन्याकडे बघते.)

सिस्टर : बसा तुम्ही.

ताई : त्याला नका सांगू.

सिस्टर : मघाशी ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं. पण बाई, तो वर चाललाय. मागच्या महिन्यात माझ्याच बरोबरीच्या एकीला घरी बसवलं मोठ्या डॉक्टरांनी. मला दोन मुली आहेत.

ताई : आईनं फिरवलं, एवढं सांगू. का, ते नको. लहानपणी हा चिमणी मेली तरी दोन दिवस जेवायचा नाही. तोंडानं तेवढा तिखट आहे.

सिस्टर : आला.

भाऊ : मामा तासाभरात पोचतोय. चल, ताई.

ताई : ऐक. चाक आईनंच फिरवलं होतं.

भाऊ : हे यांनी पढवलं का तुला?

ताई : मला पढवता येतं का कोणाला? तिनं स्वतः यांना सांगितलं. कंटाळली असेल पडून पडून.

भाऊ : आई? भाजीच्या रांगेत तासभर उभी राहून चार मैत्रिणी करून यायची ती. कंटाळेल? नाही. तिच्या डोक्यात कोणीतरी भरवलं असणार. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं, नाहीतर तुमच्यापैकी कोणी. काय सांगितलंत तिला, सिस्टर?

सिस्टर : काहीच नाही सांगितलं. तीच चूक झाली. सांगायला हवं होतं.

भाऊ : म्हणजे चूक तुमची. कबूल?

सिस्टर : हो.

ताई : सिस्टर, अहो...

सिस्टर : त्यात खोटं काय आहे, बाई?

भाऊ : बघ, आपल्या तोंडानं म्हणाल्या. ऐकलंस ना? तू साक्षीदार. मी चाललो वर. या बाईंच्या हातात उद्या दुसऱ्या कोणाची आई नको.

ताई : थांब.

भाऊ : आता काय?

ताई : इकडे ये. बस माझ्याजवळ.

भाऊ : वर मोठे डॉक्टर निघून जातील, ताई.

ताई : जाऊ देत. बस म्हणते ना. काल निघताना तू आईपाशी मागे राहिलास. मी जिन्यात वाट बघत होते. काय बोललात?

भाऊ : काय बोलणार? हात सोडत नव्हती. मलाही घरी ने, म्हणत होती. डोळे भरले होते तिचे, म्हणून मी आपलं समजूत घालायला...

ताई : हं.

भाऊ : समजूत घालायला म्हटलं की...

सिस्टर : मी पाणी आणते.

ताई : नको, सिस्टर. तुम्हीही बसा इथंच.