कोरियन फोनवाली मुलगी

फोन बघून माणूस ओळखतात, हे मला महाळुंग्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा कळलं, राव.

माझा फोन चिनी. निघताना चुलतभाऊ नीलेशने तो काढून घेतला आणि स्वतःचा महागडा अमेरिकन फोन माझ्या हातात कोंबला. म्हणाला, “चिनी फोन बघून कोण पोरगी देईल, भावा?”

मुलीच्या वडिलांची नजर थेट फोनवर. “एवढा भारी फोन? पोरगा उधळ्या दिसतोय.”

नीलेश घाबरला. “न्हाई मामा, त्यो माझा हाय. ह्याचा चिनी हाय.”

“चिनी? म्हंजी चिक्कू हाय व्हय!”

आता मी उधळ्या की चिक्कू, माझं मलाच कळेना. विचारलं, “मामा, मग चांगली माणसं कोणता वापरतात?”

“कोरियन. आमची पोरगी त्योच वापरती.”

नंतर आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. मी विचारलं, “तुमचा कोरियन फोन चांगला चालतो का हो?”

तिने जिन्याकडे पाहिलं आणि हळूच फोनचं कव्हर काढलं. “चिनीच आहे. आबांना सांगू नका.”

मी नाही सांगितलं. लग्न झालं. सासरे अजून म्हणतात, “जावईबापू, फोन कसा पारखायचा, ते आमच्या पोरीकडून शिका.”