डब्ब्यातला चुगलखोर

(जाफराबाद. एसटी स्टँडसमोरचं ऑनलाइन सेंटर. दुपार.)

सबा: हळू, नानी, हळू! कंप्युटर हाय तो, ज्वारीचं पोतं न्हाई.

सगुणाबाई: मला नको शिकवू. जीपमधी मांडीवर घेऊन आले त्याला, तान्ह्या नातवावानी. आधी लुगड्याची गाठ सोड. अन् जल्दी कर, भिवाची जीप तीनला सुटती.

सबा: काय बिघडलंय याचं?

सगुणाबाई: याला काय धाड भरलीय! माझं बिघडवलंय यानं. एक चुगलखोर बसलाय याच्या पोटात. त्याला काढ.

सबा: चुगलखोर?

सगुणाबाई: तू गुलाम नबी पिंजाऱ्याची नात ना? तुझा आजा घरोघरी गाद्या भरायचा, पण या घरचं त्या घरी कधी बोलला न्हाई. हा बोलतो! माझी नात साधना रानात गेल्ती, तवा पुतण्याच्या अंगदला याच्यापुढं बसवलं. म्हणलं, परतूरकडं मंगल कार्यालय बघ, शालूचे भाव बघ. बघितलं, बंद केलं. सांजच्याला पोरीनं तिचं मातीचं काहीतरी उघडलं, तर बाजूला शालू! खाली मंगल कार्यालय! वर हिरवा चुडा!

सबा: जाहिराती आल्या म्हणा की.

सगुणाबाई: चहाडी म्हण! पोरीनं अंगदला धरलं, त्यानं सगळं ओकलं. सहा दिवस झाले, माझ्याशी एक शब्द न्हाई. भाकर वाढती, ताट पुढं सरकवती अन् तोंड फिरवून जाती. घर खायला उठलंय मला.

सबा: बरं, बसा तर खरं. उभ्यानं का फिरून राह्यल्या? हे बघा, ज्याच्यातून इंटरनेट बघतात त्याला ब्राउझर म्हणतात. तुमच्यावाल्यातून काय बघितलं त्याचा माग दुकानवाले काढतात. घरात कंप्युटर एकच, मंग तुमचं तिला दिसणारच. मी दुसरा टाकते. हा असल्या लोकांना दारातच अडवतो.

सगुणाबाई: त्याच्यावर चित्र कसलं? कुत्रं?

सबा: लांडगा.

सगुणाबाई: चाळीस वर्सं शेळ्या राखल्या मी, अन् आता लांडगा घरात घेऊ?

सबा: फुकट हाय, नानी.

सगुणाबाई: मंग तर बिलकुल नको. फुकट द्यायला कोणाचा बाप बसलाय?

सबा: मालकच न्हाई याला. लई जणांनी मिळून बनवलाय, कुणी कुठला, कुणी कुठला. अन् कसा बनवला ते सगळं उघडं ठेवलंय. कुणीबी बघावं, चूक काढावी, दुरुस्त करून द्यावी.

सगुणाबाई: असं म्हण की. आमच्या गल्लीत शेवया करतो तशा. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या. पीठ मधी ठेवायचं, सगळ्याजणी हात घालणार, नावं ठेवणार. सोनूबाईनं एकसाली पीठ घरातून झाकून आणलं, तवापासून तिच्या दारी कुणी जात न्हाई.

सबा: बराबर! तुमचा पहिलावाला झाकून मळतो, हा उघड्यावर.

सगुणाबाई: मंग टाक लांडगा. अन् त्या चुगलखोराला मुळासकट उपट.

सबा: नानी… स्थळाचं साधनाला सांगितलं व्हतं तुम्ही?

सगुणाबाई: ठरल्यावर सांगणार व्हते.

सबा: म्हणजे पीठ झाकूनच आणलं.

सगुणाबाई: जीभ लई चालती गं तुझी! हात चालव. जीप भरत आली तिकडं.

सबा: चालवते. पर पुसायच्या आधी एक विचारते. कंप्युटर चालू केला तर साधनाचा अर्धवट राह्यलेला अर्ज उघडा झाला. बदनापूरच्या शेतकी कॉलेजचा. मुदत उद्या बाराची.

सगुणाबाई: शेत शिकायला कॉलेज? माझं रान काय वाईट हाय? मी शिकवते की.

सबा: पासवर्ड याच ब्राउझरात ठेवलाय तिनं. मुळासकट उपटला तर तोबी जाईल. मंग उद्या बारापर्यंत काय जमंल, मला न्हाई सांगता येत. नव्यात हलवायचा का पुसायचा?

सगुणाबाई: ते लुगडं दे इकडं, घडी घालते.

सबा: नानी?

सगुणाबाई: पुसला तर तिला कळंल का कुणी पुसला?

सबा: मी न्हाई सांगणार. डब्बा खराब झाल्ता म्हणाल तुम्ही, तिला खरं वाटंल.

सगुणाबाई: परतूरचे लोक रविवारी येऊन राह्यले. शब्द दिलाय मी. सगुणाबाईचा शब्द कधी माघारी गेला न्हाई या तालुक्यात.

सबा: मंग पुसू?

सगुणाबाई: थांब की! एवढी कशाची घाई झालीय तुला? अर्ज अडलाय कशापायी?

सबा: पालकाच्या सहीपाशी. बाकी समदं भरलंय.

सगुणाबाई: मंग माझ्या कल्याणला धाडायचा फोनवरून. बाप हाय तिचा, पुण्यात कंपनीत बसलाय.

सबा: पालक म्हणून त्यांचं नाव न्हाई टाकलं. तुमचं हाय. सगुणाबाई रामराव खरात. नातं, आजी.

सगुणाबाई: ते भांडणाच्या आधी लिहिलं असंल.

सबा: तारीख हाय इथं. परवाची.

सगुणाबाई: परवा? परवा तर तिनं पाण्याचा तांब्याबी माझ्या हातात दिला न्हाई. खाली ठेवला.

सबा: भिवाकाका हॉर्न वाजवून राह्यले, नानी. काय करू, बोला.

सगुणाबाई: पासवर्ड नव्यात घाल. बराबर घाल, सांडू नको. अन् सही कशी चढवायची असती?

सबा: कागदावर करा, मी फोटो काढून चढवते. शेवटचं बटन तिचं ती दाबंल घरी. अंगठा उठवला तरी चालंल, जल्दी होईल.

सगुणाबाई: अंगठा का म्हणून? तिसरीत असताना पोरीनंच शिकवलीय मला सही, चुलीपुढच्या राखेत. कोरा कागद दे. अन् भिवाला सांग, जा म्हणावं पुढं. मला येळ लागतो.