कापलेल्या कुरणातली पांढरी पोती

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि ग्रेनमो शेतकरी संघाच्या प्रमुख गुद्रुनबाई, मंचावर बसलेले आपले पाद्रीसाहेब, उड्डाण क्लबचे चेअरमन ओद्वार, आत कॉफीच्या किटल्या सांभाळणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी, भर दुपारी गवताची कामं टाकून आलेले ग्रामस्थ, आणि ज्यांच्यासाठी ती टाकली ते आपले सत्कारमूर्ती आर्नफिन शेलब्रेद, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी सुन्निवा. किनाऱ्यावरच्या बोटवाल्या घरातली. ग्रेनमोत पाहुणी म्हणून आले आणि इथलीच झाले. क्लबमध्ये विमान चालवायला शिकवते हे तुम्हाला ठाऊकच आहे, कारण तुमच्या गाई माझ्याच आवाजाने बिथरतात! अध्यक्षांनी 'थोडक्यात आवर' असं बजावलंय. ओद्वारसुद्धा सारखा खिडकीबाहेर वारा बघतोय, त्याचं कारण ओघात येईल.

आत येताना आर्नफिननी मला दारातच गाठलं. "माझ्या कुरणात पोती कुठल्या शहाण्याने टांगली गं? गवत कापून झालंय. तिथे आता पाडस लपणार कुठे, माझ्या टोपीत?" मी म्हटलं, "आधी बसा, भाषणात सांगते." "भाषणात! म्हणजे केक संपेपर्यंत कळायची आशा नाही," असं पुटपुटत ते बसले. बघा, अजून माझ्याकडेच बघतायत.

पोत्यांची पद्धत तुम्हाला मी काय सांगणार? कापणीच्या आदल्या संध्याकाळी काठ्यांना खताची रिकामी पांढरी पोती बांधायची. ती फडफडली की हरिणी बिचकते आणि गवतात दडवलेलं पाडस घेऊन रानात जाते. पण हे किनाऱ्यावरच्या मुलीला कुणी सांगितलं होतं का? त्या उन्हाळ्यात मी क्लबच्या शिबिराला आले होते. विमान बिनइंजिनाचं. वर नेणारी हवा संपली, धावपट्टी टेकाडामागे राहिली आणि मी खाली खाली येऊ लागले. तोंडचं पाणी पळालं होतं. एवढ्यात पांढऱ्या खुणांच्या दोन सरळ ओळी दिसल्या, क्लबच्या पट्टीला असतात तशाच. मनात म्हटलं, काय नेटकी माणसं आहेत, अडल्यानडल्यासाठी दुसरी पट्टीसुद्धा आखून ठेवलीय! आणि उतरले की, आर्नफिनच्या कमरेएवढ्या गवतात.

विमान थांबलं. मग हात हलवत, ओरडत एक गृहस्थ धावत आले. "हलू नकोस! पाय खाली टेकलास तर याद राख!" मी म्हटलं, "मला काही लागलं नाही हो." तर म्हणाले, "तुला कोण विचारतंय?" आणि वाकून गवत बाजूला सारू लागले.

पाडस विमानाच्या नाकासमोरच होतं. पाठीवर पांढरे ठिपके, कान मागे चिकटवलेले, डोळे टक्क उघडे. ते पळत नव्हतं. संकटात हलायचं नाही, एवढंच त्याला येत होतं. आर्नफिननी माणसाचा वास लागू नये म्हणून दोन्ही हातांत गवताच्या जुड्या घेतल्या आणि गवतासकट त्याला उचललं. मला झापणारा तोच माणूस त्या जिवाशी कुजबुजत रानाच्या कडेपर्यंत गेला. मी वरून डोंगर पाहिलेत, हिमनद्या पाहिल्यात. पण त्या संध्याकाळी जमिनीवर जे पाहिलं, त्याने माझे हात विमानाच्या दांड्यावर तसेच राहिले.

परत येऊन म्हणाले, "गवत लोळवलंस. ज्याने लोळवलं त्याने ओढायचं, अशी रीत आहे. उद्या दाताळं घेऊन ये. आता कॉफी."

गवत ओढून झाल्यावर मी त्यांना सहज म्हटलं, "एकदा धावपट्टीवर या, फिरवून आणते." त्यांनी कप खाली ठेवला. मला तेव्हा कुठे माहीत होतं? आमची धावपट्टी म्हणजे युद्धात परक्या सैन्याने विमानांसाठी घेतलेली त्यांच्या वडिलांची, हाल्वोरांची जमीन. खोऱ्यातली सगळ्यात कसदार बार्लीची जमीन. उभं पीक रोलरखाली गेलं, तेव्हा लहानगे आर्नफिन वडिलांचं बोट धरून उभे होते. या पट्टीवर पाय ठेवणार नाही, असा शब्द त्यांनी वडिलांना दिला आणि आजवर पाळला. क्लबच्या कॉफीला बोलावलं तर येतात, पण कुंपणापर्यंत. आम्ही कप कुंपणावरून देतो, आणि तेही तिथूनच आमच्या उतरण्याला नावं ठेवतात.

पण मंडळी, यंदासारखा कोरडा उन्हाळा असला की वरून एक अद्भुत दिसतं. पट्टीवरचं गवत पिवळं पडतं आणि हाल्वोरांचं शेत वर येतं. बुजवलेल्या चरांवरचं गवत हिरवं राहतं ना! बांध, चर, कोपऱ्यातली विहीर, सगळं हिरव्या रेषांनी आखलेलं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी शेजारच्या शिकाऊला शिकवायचं विसरून रडले. रोलर फिरवणारे केव्हाच गेले, शेत अजून तिथेच आहे. आर्नफिनना फोटो दाखवला, तर म्हणाले, "कागदावर रेघा कुणीही ओढतं."

उद्या त्यांची लेक त्यांना आपल्या घरी, समुद्रकाठी घेऊन जातेय. परवापासून पाऊस सांगितलाय. पाऊस पडला की त्या रेषा मिटतात. पुन्हा असा उन्हाळा येईल तेव्हा आर्नफिन इथे... जाऊ दे, ते वाक्य मला बोलवत नाही.

म्हणून ती पोती आम्ही टांगली, आर्नफिन. मी, ओद्वारने आणि या अध्यक्षाबाईंनीसुद्धा. या वेळी त्या ओळी विमानासाठीच आहेत. कुरणाच्या टोकाला क्लबचं दोघांना बसायचं, इंजिनवालं विमान उभं आहे. चालायचं ते तुमच्याच जमिनीवरून. हाल्वोरांना दिलेला शब्द मोडणार नाही. शेतात विमान उतरवायला मालकाची परवानगी लागते, पण शेत आता तुमच्या पुतणीच्या, रागन्हिलच्या नावावर आहे आणि ती तुम्हाला न विचारता हो म्हणालीय. तिला नंतर रागवा. येता?

काय म्हणालात? जरा मोठ्याने. "उतरणार कुठे?" विचारतायत. उडू तिथेच, तुमच्या कुरणात.

"पाडसं बघितलीस का?" बघितली. गवत कापलेलं असूनही आज सकाळी सगळं कुरण पायी फिरले. शिकवलंय कुणी?

हं? ...हो आर्नफिन, दिसते. तुमच्या बाबांची विहीरसुद्धा दिसते. हिरवी, गोल.

मंडळी, ते टोपी शोधतायत. पाद्रीसाहेब, तुमच्या खुर्चीवर आहे, द्या जरा.

तेव्हा तुम्हा सर्वांचे, आणि केक आम्ही येईपर्यंत झाकून ठेवणार आहेत त्या भगिनींचे, मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. वारा पडलाय, आम्ही निघतो.