माज्या तानीचं पाप

मी मिठागराची पोर, काय सांगू तुमाला, आयनं मना टोपलीत घालून कोंडीच्या, म्हंजी मीठ पिकतं त्या वाफ्याच्या, बांधावर निजवली नि ती मीठ वढायची, लगीन झालं ते बी खाडीपल्याड मिठागरवाल्यांतच. खाऱ्या पान्यानं पाय फुटायचे, पन त्याचं मना कवा रडू आलं न्हाय. माजी तानी चार महिन्यांची, तापानं तीन दिसांत गेली, तवा बी रडू आलं न्हाय.

त्या चैतात गावात सप्ता व्हता. सासू बोल्ली, चल, नाव घे, जीव हलका व्हईल. आमी बायका देवळाभायेर, चपलांपाशी, उन्हात. बुवा गादीवर. कुनी सांगितलं असंल त्याला, माज्याकडं बघून बोल्ला, मूल जातं ते मागल्या जल्माच्या पापानं. मी उठलीच. अवो बुवा, माज्या पोरीला दात बी आला नव्हता, तिनं कसलं पाप केलं? तर बोलतो, तिचं न्हाय, तुजं. पाटील वरडला, हिला भायेर काढा. अवो, भायेरच व्हती मी, आनिक किती भायेर काढनार? नवरा माजा खाली मान घालून बसला, त्याचा राग तर अजून हाय मना.

मग घासच उतरंना. कोंडीवर सासू बोल्ली, बाय, भांडायचं तर देवाशी भांड, देव काय बुवाचा मेव्हना हाय? मग मीठ वढता वढता मी सुरूच केलं, अरे इठ्ठला, कंबरंवर हात ठेवून उभा ऱ्हायलास, माजी तानी जाताना येक हात तरी काढायचा व्हतास. शिव्या देता देता त्याचंच नाव तोंडात, इठ्ठला, इठ्ठला, त्याची चाल झाली, बाजूच्या कोंडीवरच्या बायकांनी ती उचलली, नि मी रडली, मोठ्यानं रडली. दुपारी सासूनं दिलेली भाकर खाल्ली. पोर काय परत आली न्हाय, पन श्वास पुरा आत गेला.

आता येकादशीला आमी कोंडीवरच गातो. गावकी बोलते, आवाज चांगला हाय, देवळात या. मी बोल्ली, बायका आत मंडपात बसतील तर येऊ. अजून जबाब न्हाय. नका देऊ.

तुमी आलाव, बसून ऐकलंव, इठ्ठल तुमची लेकरं नांदती ठेवो. नि कवा दुक आलंच, तर त्याच्याशी भांडा, भिऊ नका.