सुगंधाबाईचं माहेर

आभाळ सकाळपासून गच्च धरून बसलंय, वारं न्हाई, थेंब न्हाई — बसा दादा, आईलाबी बसवा, बाकडं कोरडं हाय. आत सोडावं का न्हाई, त्याच विचारात आहात ना? वळखलं मी. मीबी पयल्या दिशी बायकोचा, सुगंधाबाईचा हात धरून या फाटकाशी घंटाभर उभा होतो. तिला आता माणूस वळखू येत न्हाई. या केंद्रात अशा इसरलेल्या माणसांना दिवसभर चांगलं सांभाळतेत — जेवू घालतेत, वेणी घालतेत, पाचला आपलं माणूस आपल्याला परत. पर गावात काय सांगावं? म्हस्कूनं बायको लोकाच्या दारात टाकली, असंच म्हणतील ना — म्हणून सांगून टाकलं, माहेरी जाते. मंगळवारी अन् शुक्रवारी माहेर. बाई माहेरी गेली तर कोण बोट ठेवतं? कुणीच न्हाई.

मी तवर काय करतो? वावरात जातो म्हणून सांगतो. खरं सांगू — पयल्या दिशी बदनापूरच्या टेसनावर जाऊन झोपलो. दिवसभर. दोन वर्सांत तशी झोप न्हवती, ती उठून सडकेला लागायची — मंग वावरात जाताना मी तिचा पाय बांधायचो. बाजेला. गोऱ्ह्याच्या दाव्यानं — सैल हां, बिलकुल सैल, चिंधी गुंडाळून... हे कशाला बोललो मी. जाऊ द्या.

तर पंचमीच्या तोंडावर तिचा भाऊ भिवा आला, मुराळी, बहिणीला न्यायला. दरसाल येतो, अन् तेच माझ्या ध्यानात न्हाई. शुक्रवार होता, हिला इथं सोडून मी नुकताच घरी आल्तो. वट्ट्यावर चार माणसं. त्यातला एक हसून म्हनला, पाव्हणं, बहीण तर तुमच्याच घरी गेली की. भिवा माझ्याकडं पाहू लागला. मी मान खाली घातली. तवा शेजारची कौसल्या पुढं झाली — ह्यांच्याकडं न्हाई, चुलत भावाकडं गेलीय, म्हनली, अन् भिवाला चहाला आत घेऊन गेली. मागून मी त्याला खरं सांगितलं. त्यानं नुसतं डोळे पुसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जा आता, दहाला फाटक लावतेत, आई कावरीबावरी झालीय. काय? माहेराचं खोटं कौसल्येला कसं ठाऊक? मीबी तेच इचारलं तिला. भांडी घासता घासता, वर न पाहता म्हनली, "आबा, आपल्या घरांमधली भिंत अर्धीच हाय. ते दावं मी दोन वर्सं पाहून राह्यले. तुम्ही माहेरच सांगत जा."