काच त्यांची, खोली कुणाची?

मुलगी: ट्रंका दोन, दोन्हींना कुलूप नाही. छत्र्या सात, त्यातल्या उघडतात चार. उशा तीन. गिटार एक, तारा दोन. इस्त्री एक, वायर नाही. चपलांचे जोड साडेतीन.

आई: साडेतीन? अर्धा जोड कुणाचा गं?

मुलगी: डावी चप्पल आहे. कुणाची ते तिच्यावर लिहिलेलं नाही.

आई: त्या बँकवाल्याची असणार. गाडी चुकेल म्हणून घाईघाईत निघाला होता.

मुलगी: एका पायात चप्पल घालून?

आई: बूट घालून गेला तो. उजवी सामानात गेली, डावी इथे राहिली. त्याच्या घरीही कुणीतरी उजवी हातात धरून आत्ता हेच विचारत असेल.

मुलगी: बरं. मी तीन ढीग करतेय. विसरलेलं, ठेवलेलं आणि टाकलेलं. विसरलेलं म्हणजे ज्याचं त्यालाच माहीत नाही. ठेवलेलं म्हणजे ‘येऊन नेतो’ असं सांगून गेले ते. आणि टाकलेलं म्हणजे नको होतं, पण कचराकुंडीपर्यंत जायचा कंटाळा.

आई: तिसरा ढीग करायचा नाही.

मुलगी: का?

आई: माझ्या घरी कुणी काही टाकत नाही. ठेवतात. विश्वासाने ठेवतात.

मुलगी: वायर नसलेली इस्त्री विश्वासाने ठेवली?

आई: इस्त्रीचं राहू दे. वीस वर्षं या वरच्या खोलीत भाडेकरू राहून गेले. एकाने तरी म्हणावं, मावशींकडे माझी सुई हरवली. ज्याने मागितलं त्याला मिळालं. आणि पुसून मिळालं.

मुलगी: मागितलं किती जणांनी?

आई: तो माझा प्रश्न नाही. फोन केलेस का सगळ्यांना? सोमवारी नवी मुलगी राहायला यायचीय. तिच्या पलंगावर हा असला बाजार नको.

मुलगी: केले. गिटारवाली म्हणाली, शिकणारं कुणी असेल तर देऊन टाका. ट्रंकवाल्या नर्सताई रविवारी माणूस पाठवतायत. बँकवाला आधी पोट धरून हसला. म्हणाला, उजवी मी गेल्याच वर्षी फेकली.

आई: बघ! त्याच्या स्वतःच्या घरात उजवी टिकली नाही, माझ्याकडे डावी टिकली.

मुलगी: आई, एका चपलेचा अभिमान?

आई: का नको? ठेव ती बाजूला. आणि त्या दुर्बीणवाल्याला, आता चष्म्याचं दुकान आहे ना त्याचं, त्याला मी कळवलंय. तो आज येतोय. त्याची पेटी कुठल्या ढिगात आहे?

मुलगी: कुठल्याच नाही. माझ्या कपाटात आहे.

आई: मग बाहेर काढ.

मुलगी: तुला माहितीये ना, मी त्या पेटीतल्या काचेचं काय केलंय ते?

आई: माहीत नसायला मी बहिरी आहे का? दोन वर्षं वरून नुसतं खर्र खर्र. शेजारच्या आजींनी विचारलं, काय हो, तुमची लेक रोज एवढं दळते काय? म्हटलं, काच. त्यांना वाटलं, मी त्यांची फिरकी घेतेय.

मुलगी: म्हणजे तुला चालत होतं.

आई: चालत होतं? अगं, ऊर भरून येत होता! अख्ख्या गल्लीला सांगून झालंय, माझी लेक हाताने आरसा घडवतेय, तारे बघायचा. पण कौतुक वेगळं आणि काच वेगळी. काच त्याची आहे. तो नेईल.

मुलगी: काच त्यांची. खोली माझी.

आई: तुझी कशी? घर माझ्या नावावर आहे.

मुलगी: ही खोली नाही गं! काचेची खोली. मधे जो खोलगटपणा असतो ना, तो. तो नसेल तर ती नुसती जाड चकती आहे. आरसा म्हणजे सगळी ती खोलीच.

आई: हे बघ मोजणीबाई, शब्दावर कोटी केली म्हणून मालकी बदलत नाही. उद्या एखाद्या भाडेकरूने माझी भिंत रंगवली, तर भिंत त्याची होईल का?

मुलगी: ...नाही होणार.

आई: झालं तर मग.

मुलगी: पण आई, मी पुढच्या महिन्यात वेधशाळेत रुजू होणार. तिथे पदवी सगळ्यांकडे असेल, माझ्यापेक्षा चांगली असेल. माझ्या स्वतःच्या हाताने झालेली अशी ही एकच वस्तू आहे. मला ती बरोबर न्यायचीय.

आई: मग माग त्याच्याकडे. तो नाही म्हणणार नाही.

मुलगी: मागणार नाही.

आई: माझीच आहेस. काढ ती पेटी.

(जिन्यावर पावलं.)

चष्मेवाला: मावशी! येऊ का? जिन्याची ही पायरी अजून करकरतेय.

आई: ये रे बाबा. ती पायरी माझी राखणदार आहे, तिला तेल घालायचं नाही. बैस. केवढा अंगाने भरलास! आणि केस कुठे गेले?

चष्मेवाला: केस तुमच्याकडे ठेवून गेलो होतो की काय, बघायला हवं.

आई: असते तर मिळाले असते. दुकान कसं चाललंय?

चष्मेवाला: चष्म्याचं दुकान कसं चालणार? लोक येतात, दिसत नाही म्हणतात. मी काच बसवून देतो, मग दिसायला लागतं. ही छोटी का? आई गं! मी काच घासायचो तेव्हा समोर फतकल मारून फेऱ्या मोजायची.

मुलगी: तुम्ही मधेच चुकायचात, दादा.

चष्मेवाला: आणि तू पहिल्यापासून मोजायला लावायचीस!

आई: ही घे तुझी पेटी. ठेवून गेला होतास, तशी... तशी नाहीये. पण आहे.

चष्मेवाला: मावशी, स्पष्टच सांगतो. मी ती न्यायला आलोच नाही. तुम्ही बोलावलंत, तुम्हाला नाही म्हणवेना, म्हणून आलो. टाकून द्या ती.

आई: टाकून? याच दारात उभा राहून तू म्हणालास, ‘ठेवून जातो, मावशी.’

चष्मेवाला: म्हणालो. ‘टाकून जातो’ म्हणायला जीभ वळेना. गल्लीभर सांगून बसलो होतो ना, दुर्बीण करतोय, सगळ्यांना चंद्र दाखवतो म्हणून. आणि हातात काय उरलं? चरा पडलेली, नको तेवढी खोल गेलेली काच. तुमच्या घरी मी ठेवून काही गेलो नाही. टाकूनच गेलो.

मुलगी: चरा नाहीये आता.

चष्मेवाला: काय?

मुलगी: उघडा ना पेटी.

चष्मेवाला: ...ही माझी काच नव्हे.

आई: तुझीच आहे. माझ्या घरात वस्तूंची अदलाबदल होत नाही.

चष्मेवाला: अहो, माझी काच पिठासारखी पांढरी होती. हिच्यात मला माझं टक्कल दिसतंय!

मुलगी: कडेला धरा. मधे बोट लावू नका.

चष्मेवाला: अगं, काचा हा माझा धंदा आहे.

मुलगी: तुम्ही तयार काचा बसवता.

आई: काय बोलतेस!

चष्मेवाला: बोलू द्या, मावशी. खरं तेच बोलतेय. कशी केलीस गं?

मुलगी: चरा खोल होता, म्हणून पुन्हा घासायच्या जाड पुडीपासून सुरुवात केली. मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी घासायच्या काचेला डांबराचा थर देऊन तांबड्या पुडीने चमक आणली. पण दादा, सुरुवातीलाच एक घोळ झाला. पेटीत दोन काचा होत्या.

चष्मेवाला: एक आरशाची, एक तिला घासायची.

मुलगी: हो. मला वाटलं, चरा आहे ती टेबलावर घट्ट बसवावी आणि दुसरी वरून फिरवावी. आपण फरशी घासतो तसं. वरची काच खोल होत जाते आणि खालची फुगत जाते, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? अख्खा उन्हाळा मी उलटी घासली. चरा गेला खरा, पण बघते तर मधला खड्डा उथळ झालेला. मग काचा सुलट्या केल्या. पण पुढची पूड बारीक, तिने चमक येते, खड्डा वाढत नाही. तुमची खोली मी घालवली, ती घालवलीच.

चष्मेवाला: थांब, थांब. उलटी घासलीस? जाड पुडीवर?

मुलगी: सॉरी, दादा.

चष्मेवाला: अगं वेडे, मला ती घालवायचीच होती!

आई: काय घालवायचं होतं? नीट सांगा रे, मी पण इथेच आहे.

चष्मेवाला: मावशी, प्रकाश आरशावर पडतो, परत फिरतो आणि पुढे एका जागी गोळा होतो. काच जितकी खोल, तितकी ती जागा जवळ. माझ्या दुर्बिणीची नळी, माझं सगळं गणित एकशे वीस सेंटिमीटरचं होतं. मी हौसेने घासत सुटलो, काच खोल गेली आणि ती जागा आली नव्वदवर. परत मागे कसं न्यायचं, हे काही मला सुचलं नाही. काचा उलट्या करायच्या! एवढंच करायचं होतं!

आई: म्हणजे हिने चूक केली, तीच बरोबर होती?

चष्मेवाला: ते मोजल्यावर कळेल. किती आली गं?

मुलगी: चमक आल्यावर मोजली नाही.

चष्मेवाला: तू? मोजलं नाहीस?

मुलगी: मोजणाऱ्याला उत्तर हवं असलं की टेप लांबते. दुसरं कुणीतरी समोर हवं होतं.

चष्मेवाला: बरं, ते जाऊ दे. ठेव तूच ही काच. मी टाकली, तू उचललीस, विषय संपला.

मुलगी: नको.

चष्मेवाला: नको?

मुलगी: टाकलेली म्हणून नको. उद्या कुणी विचारलं, हा आरसा कुणाचा, तर काय सांगू? एकाला नको होता, म्हणून माझा? माझा असेल तर माझा म्हणून नेईन.

आई: आणि मीही असा देऊ देणार नाही. माझ्या घरी कुणी काही टाकत नाही, हे सकाळीच सांगून झालंय.

चष्मेवाला: अहो, मालक कोण? मी ना? देणारा देतोय, घेणारी घेत नाही आणि सांभाळणारी देऊ देत नाही! मायलेकींचा ताठा सारखाच, इंचाचाही फरक नाही.

मुलगी: एक विचारू, दादा? ‘ठेव तूच’ म्हणालात. पण मघापासून तुम्ही ती हातातून खाली ठेवलेली नाही.

चष्मेवाला: ...खरंय. नाही ठेवली.

आई: आवडलीय त्याला.

चष्मेवाला: आवडणार नाही तर काय, मावशी? मी स्वप्नात बघायचो तश्शीच आहे ही. आता हातात आल्यावर... पण तोंडातून ‘टाकली’ निघून गेलंय.

आई: ते मी ऐकलंच नाही. बोल, काय करायचं?

चष्मेवाला: काचेलाच विचारू. मी सोडली तेव्हा नव्वद होती, पोचायचं होतं एकशे वीसला. मधोमध एकशे पाच. एकशे पाचच्या आत भरली, तर खोली मी केलेलीच आहे. छोटीने वरून चमक आणली, तिचे उपकार मानून मी ती घेऊन जाईन. एकशे पाचच्या पुढे गेली, तर मला जे जमलं नाही ते हिने केलं. मग ती हिची, आणि मी दिली म्हणून नव्हे. कबूल?

मुलगी: कबूल.

आई: मलाही कबूल. पण टेप मी वाचणार. तुम्हा दोघांनाही उत्तर हवंय.

मुलगी: खिडकीतलं ऊन त्या कोपऱ्यापर्यंत येतंय. आई, बाकीचे पडदे ओढ. दादा, काच त्या खुर्चीत पाठीला टेकवून ठेवा, तोंड उन्हाकडे. जरा तिरकी. अजून. आता माझ्या पुठ्ठ्यावर उजेड पडला.

आई: एवढासाच उजेड? आरसा म्हणता ना याला?

चष्मेवाला: अजून मुलामा नाही त्यावर, मावशी. नुसती काच आहे. मोजायला एवढा उजेड पुरतो.

मुलगी: मी काचेपासून लांब लांब जाते. ठिपका सगळ्यात लहान होईल तिथे थांबायचं. त्याच्या पुढे गेलं की तो पुन्हा पसरतो. दादा, तुम्ही ठिपक्याकडे बघा. माझ्यापेक्षा तुम्हाला नीट दिसेल.

चष्मेवाला: बशीएवढा आहे. ये मागे. ये. लिंबाएवढा झाला. हळू.

आई: बोलत राहा काहीतरी.

चष्मेवाला: अजून लहान होतोय... अजून. बोराएवढा. कड अजून अंधूक आहे. बोटभर मागे.

मुलगी: आता?

चष्मेवाला: पसरला. पुढे ये. तीळभर. तिथेच! शर्टाच्या बटणाएवढा, कड अगदी कापल्यासारखी. हलू नकोस, पोरी.

मुलगी: नाही हलत. आई, लाव टेप. काचेच्या कडेला टोक, मधे नको लावूस.

आई: कळतं मला. माझ्या उजेडातून बाजूला हो रे जरा, आकडे दिसू देत.

चष्मेवाला: चष्मा लावा, मावशी.

आई: तूच पाठवलेला लावलाय. गप्प बसा दोघं.

मुलगी: टेप ताठ आहे ना?

आई: ताठ आहे.

चष्मेवाला: वाचा मग.

आई: एकशे अठरा. आणि वर चार बारीक रेघा.